दाखवायचा नमुना

एकसष्टावी वात वळून सुहासिनीनं तबकात ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेआठ. साताऱ्याहून सहाची बस म्हणजे एव्हाना शिरवळ मागे पडलं असेल. पोर फाईल मांडीवर धरून खिडकीशी बसली असेल, आणि त्या फाईलमधली फ्लॉपी आपली नाही हे तिच्या गावीही नसेल.

"वन्सं, वाती मोजल्यात ना?" वहिनींनी गॅसजवळून विचारलं.

"मोजल्यात. एकसष्ट आहेत."

"तुम्ही मोजल्यात म्हणजे झालं."

वहिनी हे सहज बोलल्या. घरात तसं म्हणायची पद्धतच पडली होती. सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत देवदत्तच्या शेडमध्ये पंपांचे शाफ्ट आणि बुश तयार होत, आणि गेली सतरा वर्षं ते सगळे नग मायक्रोमीटर लावून सुहासिनीच तपासत होती. नवरा गेल्यावर वाईहून माहेरी आलेल्या बहिणीचा वेळ जावा म्हणून धाकट्या भावानं ते काम दिलं होतं. पुढे असं झालं की तिनं बाजूला काढलेला नग पुन्हा पेटीत टाकायची खुद्द देवदत्तची छाती होईना. त्यामुळे घरातही पापडांपासून वातींपर्यंत सगळी मोजदाद तिच्याकडे आली.

आज मात्र तिला वाटत होतं की कुणी आपल्याला काही मोजायला सांगू नये.

थोरल्या भावाची, अण्णांची, एकसष्टी होती. साताऱ्याचं घर सकाळपासून माणसांनी भरलं होतं. खालच्या पुढच्या खोलीत मुकुलचा, म्हणजे अण्णांच्या मुलाचा, कॉम्प्युटर क्लास चाले. तिथली यंत्रं चादरीखाली झाकून तिथेच पाहुण्यांच्या चपलांची सोय केली होती. भटजी आले, होमाच्या विटा लागल्या, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: देवदत्तची ज्ञानदा कुठे आहे?

"पुण्याला गेलीय. मुलाखतीला," देवदत्त ज्याला त्याला सांगत होता. प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा आणखी उतरत होता.

"आजच?"

"तारीख त्यांनीच दिलेली. बदलून मिळाली नाही."

अण्णा सोवळं नेसून पाटावर बसले होते. बोलायचं ते त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच बोलून ठेवलं होतं. पुण्याची ही एक नोकरी मिळाली तर पोरीला जाऊ दे. नाही मिळाली तर त्यानंतरच्या रविवारी कराडची मंडळी तिला बघायला येतील, आणि मग कुणी फाटे फोडायचे नाहीत. आपण तसा निरोपही देऊन बसलोय, असं त्यांनी वर सांगितलं होतं. देवदत्तनं मान हलवली. मोठ्या भावापुढे दुसरं काही हलवायची त्याला सवयच नव्हती.

ज्या नोकरीवर हे सगळं टांगलं होतं तिचं नाव घरात धड कुणाला घेता येत नव्हतं. 'ज्युनिअर वेब डेव्हलपर पाहिजेत' अशी चार ओळींची जाहिरात ज्ञानदानं पुण्याच्या पेपरातून कापून ठेवली होती. कंपन्यांची पानं तयार करून इंटरनेटवर चढवायची, म्हणजे अमेरिकेतल्या माणसालाही ती दिसतात, एवढं सुहासिनीला समजलं होतं. हे शिकवणारं सांगलीत कुणी नव्हतं. ज्ञानदाची मैत्रीण समीना, तिच्या भावानं, फरदीननं, विश्रामबागेत तीन यंत्रांचं सायबर कॅफे काढलं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा तो या दोघींना एक यंत्र देई. दुसऱ्यांची पानं उघडायची, त्यांच्या पोटातला मजकूर वाचायचा, वहीत उतरवायचा, मोडायचा, पुन्हा जुळवायचा, असा त्यांचा आठ महिने उद्योग चालला होता. घरी जेवतानाही तेच. "आत्या, चित्र वीस केबीच्या वर जाता कामा नये. टेलिफोनच्या तारेतून यायला मिनिट लागलं तर माणूस निघून जातो." समीना म्हणे घड्याळ लावून बसे आणि पान उघडायला किती सेकंद लागले ते सांगे. सुहासिनी हूं हूं करी आणि वर भाजी वाढी.

चार वर्षांची असताना आई गेलेली ही पोर तिनंच वाढवली होती. त्यामुळे तिचं बरं कशात आहे हे आपल्याला कळतं, याबद्दल सुहासिनीला कधी शंका आली नव्हती.

मग कंपनीचं पत्र आलं. ज्ञानदानं ते भिंतीला चिकटवलं. ती घरी नसताना सुहासिनीनं चष्मा लावून, एकेका शब्दाखाली बोट फिरवत ते वाचलं. आपल्या हाताने केलेला नमुना फ्लॉपीवर घेऊन यावा, असं त्यात होतं. पुढे होतं की मुलाखतीत त्या नमुन्यात बदल करून दाखवावे लागतील. पहिलं वाक्य तिच्या मनात रुतलं. दुसऱ्याकडे तिनं दुर्लक्ष केलं. कराडच्या मंडळींनीही पत्रात 'मुलीस भरतकाम, विणकाम, गायनाची आवड असावी' असं लिहिलंच होतं. अशा गोष्टी लिहायच्याच असतात, असं तिचं मत होतं, आणि ते मत तिनं उगाच बनवलेलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी याच घरात वाईची मंडळी तिला बघायला आली होती. पोहे झाले, नाव-गाव झालं, आणि वहिनींनी आतून मण्यांचं तोरण आणून तिच्या हातात दिलं. दोन हंस, मधे कमळ, खाली मोत्यांची झालर. वाईच्या सासूबाई बघतच राहिल्या. तोरण वहिनींचं होतं. सुहासिनीला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नसे. आत आल्यावर ती रडकुंडीला आली तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "एकदा दाखवायचं असतं हो. नंतर कुणी विचारत नाही." आणि खरंच कुणी विचारलं नाही. ते तोरण वाईच्या दारावर टांगलं गेलं, सासूबाई आल्यागेल्याला सुनेचं कौतुक सांगत राहिल्या, आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून सुनेनं पुन्हा मणी हातात धरले नाहीत.

अलीकडेच एक दिवस डबा द्यायच्या निमित्तानं ती फरदीनच्या कॅफेत गेली आणि ज्ञानदाच्या खांद्यावरून तिनं तो नमुना बघितला. पांढरं पान. निळ्या अक्षरांच्या चार रेघा. एक तक्ता, आणि पोस्टाच्या तिकिटाएवढं एक चित्र. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे तिला त्यात काय आहे ते दिसलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. आठ महिने घालवून पोर हे घेऊन पुण्याला जाणार?

त्याच आठवड्यात तिनं मुकुलला फोन केला.

मुकुलला असं काम आवडे. त्याच्या क्लासच्या पाटीवर 'वेब डिझायनिंग' हे शब्द नुकतेच चढले होते आणि पुण्यात लागलेली एखादी विद्यार्थिनी त्याला हवीच होती. "आत्या, तू काळजी सोड. असं पान करतो की बघणाऱ्याचे डोळे फाटतील." आणि त्यानं केलंही. साताऱ्याला बोलावून त्यानं ते तिला दाखवलं होतं: काळ्या पानावर कंपनीचं नाव ज्वाळांनी पेटलेलं, खालून अक्षरं सरकताहेत, कोपऱ्यात पृथ्वी फिरतेय, वर बासरी वाजतेय. सुहासिनीला तिथल्या तिथे वहिनींचं तोरण आठवलं होतं आणि जीव भांड्यात पडला होता.

आज पहाटे तिनं ज्ञानदाच्या हातावर दही ठेवलं, आणि ती देवाला नमस्कार करायला गेली तेवढ्यात फाईलमधली फ्लॉपी बदलली. मुकुलच्या फ्लॉपीवर तिनं आधीच कागद चिकटवून ज्ञानदासारखंच तिचं नाव आणि पत्ता लिहून ठेवला होता. खरी फ्लॉपी तिच्या पिशवीत, धाबळीच्या घडीत होती.

*

ज्ञानदा साडेचारला आली. तोवर होम झाला होता, औक्षण झालं होतं, पंगती उठल्या होत्या. बाहेरचे पाहुणे गेले होते आणि घरची माणसं माजघरात पानसुपारी करत बसली होती. काल कुपवाडहून सगळ्यांना जीपनं घेऊन आलेले शेडचे जुने मिस्त्री नाथाजी दाराशी भिंतीला टेकून बसले होते.

तिनं चपला काढल्या, अण्णांपुढे वाकून नमस्कार केला आणि तिथेच खाली बसली. सुहासिनीनं पाण्याचं भांडं पुढे केलं. तिनं ते घेतलं, पण वर बघितलं नाही.

"काय झालं?" देवदत्तनं विचारलं.

"नाही झालं, बाबा."

मुकुलनं सुपारी कातरायची थांबवली.

"लगेच कसं सांगितलं?" देवदत्त म्हणाला. "कळवतो म्हणाले असतील."

"नाही. तिथेच सांगितलं. एक बाई होत्या आणि एक गृहस्थ. बाईंनी फ्लॉपी घातली. पान उघडलं. काळं पान, आणि चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी. चौकटीत लाल फुल्या."

"फुल्या?" मुकुलच्या तोंडून निघालं.

"चित्रं फ्लॉपीवर नव्हतीच. पानाला सांगितलं होतं की चित्रं सी ड्राइव्हवर आहेत. ज्याच्या यंत्रावर पान केलं त्याच्याच सी ड्राइव्हवर. तिथे दिसली असतील सगळी. दुसरीकडे कुठेच दिसणार नाहीत." ती शांतपणे सांगत होती, समीनाला समजावून सांगावं तशी. "हे पहिल्या आठवड्यात शिकतात, दादा."

मुकुल खाली बघायला लागला.

"पुढे?" अण्णा म्हणाले.

"त्यांनी आतला मजकूर उघडला. मी अर्जात लिहिलं होतं की नमुना नोटपॅडमध्ये, हातानं लिहिलाय. तिथे पहिल्याच ओळीत पान तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव. बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ही चित्रं आणून दाखव, दहा मिनिटं आहेत. चित्रं तिथे नव्हतीच तर मी कुठून आणणार? मी म्हटलं, फ्लॉपी चुकून आलीय, मी दुसरं पान आत्ता तुमच्यासमोर लिहून दाखवते. तर गृहस्थ म्हणाले, बाहेर अकरा जण बसलेत."

"मग तू गप्प बसलीस?" देवदत्तनं विचारलं.

"बाई म्हणाल्या, येत नसेल तर आम्ही शिकवतो. पण तुझं नाही ते तू पिशवीतून काढून आमच्यापुढे का ठेवलंस? लोक आपल्या कंपनीचं नाव आमच्या हातात देतात." ज्ञानदा पाणी प्यायली. "त्यांचं बरोबर होतं."

सुहासिनीच्या हातात पानाचं तबक होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता हेच सुहासिनीला जास्त लागलं. "तू प्रयत्न केलास. आम्ही आडवे आलो नाही. आता रविवारी कराडकर येतील. देवदत्त, तुझं काही म्हणणं?"

देवदत्तनं मुलीकडे बघितलं. "माझं काय म्हणणं असणार," तो म्हणाला.

"मी तरी सांगत होतो," मुकुलला आता कंठ फुटला. "माझा सहा महिन्यांचा कोर्स केला असता तर सर्टिफिकेट हातात असतं. सायबर कॅफेत बसून कुणी शिकतं का?"

कालपर्यंत हाच मुकुल, आपल्या घरातली पहिली मुलगी पुण्यात कॉम्प्युटरवर बसणार म्हणून अण्णांशी भांडत होता. आज तो वडिलांच्या बाजूला जाऊन बसला. वहिनींनी कराडच्या मुलाचं शिक्षण पुन्हा एकदा सगळ्यांना सांगितलं. हळूहळू माजघर त्या एकाच बाजूला झुकलं, आणि पलीकडे ज्ञानदा रिकामं भांडं हातात धरून एकटी उरली.

"ताई, एक इचारू का?" दाराशी नाथाजी म्हणाले. "त्या लोकास्नी नेमकं काय यावं लागतंय? म्हंजी कागुद न्हाई, सर्टिफिकीट न्हाई, मग माणूस घ्यायचा कसा?"

ज्ञानदा त्यांच्याकडे वळली. "तुम्ही शेडवर घेता तसाच, नाथाजीमामा."

"आसं व्हय? आमी तर वाईसच्या पकडीत लोखंडाचा जॉब लावतो, हातात कानस देतो आन् म्हनतो, घास. कसा हुबा ऱ्हातो, कवा थांबून माप घेतो, त्ये बघतो. तयार नग घिऊन कुनी आला तर बघतबी न्हाई. कुनी केलाय कुनास ठावं." ते सुहासिनीकडे वळले. "आत्याबाईंनीच शिकिवलं आमास्नी. आवं, त्यो मिरजेचा गडी आठवतोय न्हवं? लय चकचकीत नग आनला हुता. तुमी म्हनला, ह्यो ठिवा बाजूला, आन् आमच्यापुढं एक करून दावा."

सुहासिनीला तो मिरजेचा माणूस आठवत होता. त्याचा पडलेला चेहराही आठवत होता. सतरा वर्षं ती जे दुसऱ्यांना सांगत आली, ते आपल्या पोरीच्या बाबतीत तिला एकदाही सुचलं नव्हतं. शेड वेगळी आणि पोरीचं बघणं वेगळं, असे तिच्या डोक्यात दोन कप्पे होते, आणि पुण्याचं ते पत्र तिनं चुकीच्या कप्प्यात टाकलं होतं.

"पन फ्लॉपी बदलली कशी म्हनायची?" नाथाजी आपल्याच नादात बोलत होते. "मुकुलदादा गेल्या बेस्तरवारी शेडवर आलं हुतं त्ये घिऊन, ती तर न्हवं?"

माजघरातल्या सगळ्या माना मुकुलकडे वळल्या.

"तू आला होतास?" देवदत्त उभा राहिला. या माणसाला घरात कुणी कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. "सी ड्राइव्ह तुझा? पोरीचं वाटोळं करून वर तिलाच कोर्स सांगतोस?"

"काका, मी..." मुकुलनं सुहासिनीकडे बघितलं. नुसतं बघितलं. तिचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि घेणारही नव्हता. तेवढा तो भला होता.

अण्णांनी हात वर केला. "देवदत्त, खाली बस. मुकुल, खरं सांग."

गप्प राहता आलं असतं. मुकुल दोन शिव्या खाऊन मोकळा झाला असता, ज्ञानदा कराडला गेली असती, आणि नंतर कुणी विचारलं नसतं. सुहासिनीला ते सगळं लख्ख दिसत होतं. याच माजघरात एकदा ती तशी गप्प राहिली होती.

"देवदत्त, त्याला बोलू नकोस," ती म्हणाली. "मी बदलली. मीच त्याच्याकडून करून घेतली, आणि आज पहाटे मीच फाईलमध्ये ठेवली."

"तू?" देवदत्त म्हणाला.

"मला वाटलं, तिचं अगदीच साधं आहे. दाखवायला काहीतरी भरीव हवं. वाटलं, एकदा दाखवायचं, मग कोण विचारतंय."

वहिनींचा पदर डोळ्यांकडे गेला. सत्तावीस वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांनी ओळखलं होतं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"अण्णा, पोरीची यात चूक नाही," सुहासिनी म्हणाली. "तिला परीक्षेला बसूच दिलं नाही मी. तुम्ही एक संधी दिली होतीत, ती माझ्या हातून गेली. तिला आणखी एक द्या. रविवारचं पुढे ढकला."

अण्णांनी बोटातली अंगठी फिरवली. "सुहास, तिकडून मुलाचे मामा सोलापूरहून निघतायत. तू हे काल सांगितलं असतंस तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "आता नाही जमायचं."

आणि देवदत्त, जो घटकेपूर्वी उभा राहिला होता, तो पुन्हा बसला.

*

सुहासिनी फ्लॉपी घेऊन पुढच्या खोलीत आली तेव्हा ज्ञानदा झाकलेल्या यंत्रांमधल्या एका खुर्चीवर बसली होती. खिडकीतून अजिंक्यताऱ्यावरचं ऊन दिसत होतं. तिनं फ्लॉपी घेतली, उलटून बघितली.

"तुला तिथेच कळलं असेल ना, की मुकुलचं काम आहे?" सुहासिनीनं विचारलं.

"मुकुलदादाचं पान आहे हे कळलं. ठेवलंस तू हे पण कळलं."

"कसं?"

ज्ञानदानं फाईलमधून दुसरी फ्लॉपी काढून तिच्यापुढे धरली. कागदावर सुहासिनीच्या अक्षरात नाव होतं, पत्ता होता, आणि सगळ्यात वर, दोन उभ्या रेघांच्या मधे, 'श्री' होतं. वाण्याच्या यादीवर, लोणच्याच्या बरणीवर, शेडमधल्या तपासणीच्या कागदावर ती लिहायची तसं. ते आपण कधी लिहिलं हे तिला आठवतही नव्हतं.

"बाईंनी विचारलं, कुणी ठेवली असेल? मी श्री बघितलं, आणि म्हटलं, माझीच चूक झाली."

"नाव सांगायचंस गं माझं. म्हाताऱ्या आत्यानं घोळ केला म्हणायचंस. त्यांनी दुसरं पान लिहायला दिलं असतं."

"कदाचित दिलं असतं," ज्ञानदा म्हणाली. "जमलं नाही मला."

सुहासिनी खुर्चीवर बसली. मग तिनं तोरणाची गोष्ट सांगितली. हंस, कमळ, झालर, सगळी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ज्ञानदा ऐकत राहिली.

"आणि नंतर खरंच कुणी विचारलं नाही?"

"नाही."

"तुला काय येतं हेही नाही?"

सुहासिनीनं आठवून बघितलं. वाईच्या घरातली दहा वर्षं तिनं एकेक करून चाळली. मॅट्रिकला गणितात तिला ब्याऐंशी होते. ते तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. दारात तोरण होतं आणि तेवढ्यात सगळ्यांचं भागलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच विचारलं नाही."

ज्ञानदानं चादर बाजूला सारली, यंत्र सुरू केलं आणि खरी फ्लॉपी आत सरकवली. "चष्मा आहे का?"

चष्मा होता. पडद्यावर ते पांढरं पान आलं, ताबडतोब, डोळ्याची पापणी लवायच्या आत. आज सुहासिनी खुर्ची ओढून जवळ बसली. ते पान त्यांच्या शेडचं होतं. वर नाव, खाली तक्त्यात एकेक नग आणि त्याचं माप, सगळे आकडे सरळ रेषेत. तिनं सवयीनं ते वरपासून खालपर्यंत तपासले. एकही चुकलेला नव्हता.

"आणि हे चित्र?"

"अठरा केबी," ज्ञानदा म्हणाली. "फरदीनभाईंनी स्कॅन करून दिलं."

चित्रात दोन हात होते. सावळे, शिरा आलेले, डाव्या हातात एकच बांगडी. त्या हातांत मायक्रोमीटर धरलेला होता आणि त्यात एक बुश. आपले हात असे दुसऱ्या माणसाच्या बाजूनं दिसतात हे सुहासिनीला माहीत नव्हतं. चित्राखाली इंग्रजीत एक ओळ होती. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, पण अक्षरं पाण्यात बुडायला लागली.

"वाच गं तूच."

ज्ञानदानं पडद्याकडे बघत, एकेक शब्द मराठीत करत वाचलं.

"तपासणी: सुहासिनीबाई. त्यांनी मोजल्याशिवाय आमच्या शेडमधून काहीही बाहेर जात नाही."

आत वहिनी रविवारी कुणाकुणाला बोलवायचं ते मोठ्यानं विचारत होत्या. ज्ञानदानं यंत्र बंद केलं, फ्लॉपी काढली आणि क्षणभर विचार करून सुहासिनीच्या हातात दिली.

"रविवारी त्यांनी काय येतं विचारलं तर हे दाखवू," ती म्हणाली. "विचारलं तर."